खाणीआधीचा लाभांश

"मामाजी, डिव्हिडंड कधी भेटन जी?"

पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी आमगावहून भाचा आला आणि चपला काढायच्या आधीच त्याने हे विचारलं. मोबाइल माझ्या चष्म्यासमोर धरला होता. त्यावर एका छोट्या खनिज शोध कंपनीचा शेअर. तिचं नाव इथे लिहीत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. त्याच्याकडे 3000 शेअर, सरासरी 31 रुपयांनी घेतलेले. म्हणजे 93 हजार रुपये, आणि तेही शिक्षकांच्या पतसंस्थेतून 11 टक्क्यांनी उचललेल्या कर्जातले. लाभांश येईल, त्यातून हप्ते जातील आणि शेअर फुकटात पडतील, असा त्याचा हिशेब. त्याच पडद्यावर खाली एक ओळ होती: लाभांश परतावा 0.00 टक्के. मी तिच्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "ते अजून अपडेट नाई झालं."

मी गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये आयुष्यभर मुनीम होतो. आता निवृत्त आहे, घरच्या ओट्यावर चार लोकांची विवरणपत्रं भरून देतो. मुनिमाला एकच गोष्ट येते, आत किती आलं आणि बाहेर किती गेलं ते बघणं. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानाला 67 किलो तांदूळ द्यावा लागतो. मालक कितीही गोड बोलला तरी पोत्यात 67 किलो आहे की नाही, एवढंच मी पाहायचो. भाच्याच्या कंपनीच्या बाबतीत अडचण ही, की तिथे अजून धानच आलेलं नाही. मिल तर नाहीच.

ही चूक त्याच्या एकट्याची नाही. आपल्याकडे नोकरदार माणसाची लाभांशाशी पहिली ओळख पतसंस्थेत होते. वर्षाची आमसभा, चिवडा-लाडूचं पाकीट, अहवालाची पुस्तिका आणि "सभासदांना नऊ टक्के लाभांश" ही टाळ्यांची घोषणा. शंभराचा भाग शंभरालाच घेतलेला असतो, त्यामुळे नऊ टक्के म्हणजे खरोखर नऊ टक्के. वर सहकार कायद्याने 15 टक्क्यांची मर्यादा घातलेली. अशा शाळेत शिकलेला माणूस शेअर बाजारात गेला की त्याला "100 टक्के लाभांश" या शब्दांनी भोवळ येते. टक्के मोजले जातात दर्शनी किमतीवर. भाच्याच्या शेअरची दर्शनी किंमत एक रुपया. उद्या चमत्कार होऊन कंपनीने 100 टक्के दिले, तरी शेअरमागे एक रुपया, म्हणजे 3000 रुपये, म्हणजे घातलेल्या पैशावर सव्वातीन टक्केसुद्धा नाही. कर्जाचं व्याज वर्षाला दहा हजारांच्या वर. मी हे त्याच्या डायरीतच मांडून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता.

मग आम्ही वार्षिक अहवाल उघडला. पहिली तीस पानं डोंगर, हेल्मेट घातलेली माणसं आणि झाडं लावण्याचे फोटो. ती सोडून द्यायची. नफा-तोट्याच्या पानावर विक्रीपासूनचं उत्पन्न शून्य. "इतर उत्पन्न" या सदरात थोडे पैसे, आणि ते म्हणजे बँकेतल्या मुदतठेवीचं व्याज. खर्चात पगार, सल्लागारांचं मानधन, शेअर बाजाराची फी, ड्रिलिंग. मग रोख प्रवाहाचं पान. मुनिमाने आधी तेच उघडावं. पैसा आत येतो तो एकाच दारातून, नवे शेअर विकून. म्हणजे भाच्यासारखे लोक पैसे घालतात आणि कंपनी त्या पैशांनी जमिनीला भोकं पाडते. हा काही गुन्हा नाही. शोध कंपनीचं कामच ते. पण भोकातून लाभांश निघत नाही.

आणि नवे शेअर निघाले की जुन्याचा हिस्सा आक्रसतो. हे धान पिकवणाऱ्या घराला वेगळं समजावून सांगायला नको. पाच एकराच्या बांध्या, भाऊ दोन होते तेव्हा वेगळ्या आणि पाच झाले तेव्हा वेगळ्या. जमीन तेवढीच, धुरे वाढतात. 10 कोटी शेअरच्या कंपनीने दोन वेळा पैसे उभारून ते 15 कोटी केले, की तुमचा वाटा एक तृतीयांशाने घटला, तुम्ही काहीही न विकता.

ड्रिलिंगविषयी मी ऐकीव बोलत नाही. कॉलेजात असताना दोन हिवाळे मी सालेकसा-देवरीकडच्या जंगलात सरकारी भूवैज्ञानिकांच्या कॅम्पवर रोजंदारीवर होतो. काम होतं कोअरच्या पेट्या उचलण्याचं. हिऱ्याच्या टोकाचा पोकळ नळ दगडात फिरत खाली जातो, वरून पाणी सोडत राहायचं, आणि नळातून दगडाची गोल कांडी बाहेर येते. ती लाकडी पेटीत क्रमाने ठेवायची, किती मीटरवरची ते लिहायचं. नंतर कांडी उभी कापून अर्धी प्रयोगशाळेला पाठवायची आणि अर्धी पेटीत ठेवायची. त्या अर्ध्या कांडीवर कुणी बसलं तरी साहेब संतापायचे. तेव्हा मला वाटायचं, दगडासाठी एवढं काय! नंतर कळलं, उद्या कुणी खोटं म्हणालं तर तीच साक्षीदार. त्या दोन हिवाळ्यांत कितीतरी पेट्या भरल्या. साहेब म्हणायचे, शंभर ठिकाणी बघावं तेव्हा दोन-चार ठिकाणी पुन्हा यावंसं वाटतं, आणि त्यातली खाण एखादीच होते. मला रोजचे पैसे रोज मिळाले, हे माझं नशीब. मी शेअर घेतलेला नव्हता.

या अर्ध्या कांडीची गोष्ट पुढे साऱ्या जगाने ऐकली. कॅनडातल्या कॅल्गरीची ब्रे-एक्स नावाची छोटी शोध कंपनी इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या बुसांग इथे सोनं शोधत होती. दरवर्षी साठ्याचा आकडा वाढत गेला, आणि सेंटांत मिळणारा शेअर, विभाजनाचा हिशेब धरला तर, अडीचशे डॉलरच्या पुढे गेला. मार्च 1997 मध्ये कंपनीचा भूवैज्ञानिक मायकेल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीचा अहवाल आला: नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, खाणीजोगं सोनं तिथे नव्हतंच. कंपनी कांडी अर्धी ठेवतच नव्हती. सगळीच कुटून चुरा करून पाठवायची. साक्षीदारच शिल्लक नाही. बुडालेल्यांत कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या शिक्षकांचा पेन्शन फंडही होता. शिक्षक भाच्याला मी हे मुद्दाम सांगितलं.

त्या प्रकरणात एक तपशील आहे, तो माझ्या फार आवडीचा. मिसळलेलं सोनं नदीतलं होतं, वाळू धुणाऱ्या स्थानिक लोकांकडून घेतलेलं. नदीचं सोनं वाहत-घासत गोलसर होतं. दगडातलं सोनं काटेरी, कोपरेदार असतं. भिंगाखाली ते कण पाहिले तेव्हा ही भेसळ दिसून आली. आपल्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझारी समाज पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुऊन सोनं काढत आला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे, बालाघाटचा उल्लेखही आहे. आजही सराफांच्या ओळीत पहाटे नालीतला गाळ लाकडी पात्रात घोळणाऱ्या बाया दिसतात. मला खात्री आहे, बुसांगचा तो चुरा यांच्यातल्या एखाद्या म्हातारीच्या तळहातावर ठेवला असता, तर तिने बाजारभाव विचारण्याआधी "हे नदीचं हाय" म्हणून सांगितलं असतं. गुंतवणूक सल्लागारांना मात्र ते कळलं नाही.

फसवणूक नसली तरी वाट लांबच असते. आपल्या बाजारात नोंदलेल्या शोध कंपन्या बोटावर मोजाव्या एवढ्या. त्यातलं ठळक नाव डेक्कन गोल्ड माइन्स. या कंपनीने कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या गणजूरला वर्षानुवर्षं सोन्याचा शोध घेतला, खाणपट्ट्यासाठी अर्ज केला, तो अडकत राहिला. 2015 मध्ये खनिज कायदा बदलून पट्टे लिलावाने द्यायचं ठरलं, आणि 2021 च्या दुरुस्तीने असे जुने प्रलंबित हक्कच संपवले. दुसरं उदाहरण आंध्रातल्या कर्नूल जिल्ह्यातलं जोन्नागिरी. तिथे जिओमायसोर या कंपनीला, जिच्यात डेक्कन गोल्डने पुढे मोठा हिस्सा घेतला, 2013 साली पट्टा मिळाला. दहा वर्षांनंतरही तिथे कारखान्याची उभारणीच सुरू होती. पट्टा हाती आल्यानंतरची ही दहा वर्षं; शोधाची त्याआधीची वेगळी. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. उलट, चिकाटीने काम करणाऱ्यांचीही ही गत आहे, म्हणूनच हे उदाहरण घेतलं. ज्याला दिवाळीला पैसे हवेत त्याने या रांगेत उभं राहू नये.

बरं, समजा खाण लागली, माल निघाला, विकला गेला. तरी लाभांश लगेच नाही. कंपनी कायद्याचं 123 वं कलम म्हणतं, लाभांश नफ्यातूनच द्यायचा, आणि मागच्या वर्षांचे साचलेले तोटे आधी भरून काढायचे. शोधात पंधरा वर्षं तोटाच साचलेला असतो. पहिल्या काही वर्षांचा नफा तो खड्डा बुजवण्यातच जाणार. नवे शेअर चढ्या भावाने विकून आलेल्या अधिमूल्याच्या पैशातूनही लाभांश वाटता येत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. तो नसता तर नव्या भागधारकाचे पैसे जुन्याला लाभांश म्हणून वाटणारे कमी नव्हते. चिटफंडाच्या नावाखाली नेमकं तेच करणारे लोक आपण पाहिले आहेत.

मग या धंद्यात भागधारकाला कधीच काही मिळत नाही का? मिळतं, पण वेगळ्या वाटेने. शोध लागला आणि मोठ्या खाण कंपनीने तो साठा किंवा सगळी कंपनीच विकत घेतली, तर भाव एकदम चढतो. क्वचित विक्रीच्या पैशातून एकरकमी विशेष लाभांशही निघतो. कॅनडा-ऑस्ट्रेलियात छोट्या शोध कंपन्या याच आशेवर जगतात. भारतात ही वाटही बरीच वर्षं बंद होती: शोध तुम्ही लावा, पट्टा लिलावात दुसऱ्याला. 2023 च्या दुरुस्तीने मात्र लिथियम, तांबं, निकेल, सोनं अशा 29 खोलवरच्या आणि महत्त्वाच्या खनिजांसाठी वेगळा शोध परवाना आणला. या परवानाधारकाने शोधलेल्या जागेचा पुढे खाणपट्टा लिलावात गेला, तर खाणवाला सरकारला जे लिलाव अधिमूल्य भरतो त्यातला ठरलेला हिस्सा शोधणाऱ्याला मिळत राहील. ही तरतूद टिकली तर शोध कंपनीच्या वहीत पहिल्यांदाच जमेच्या बाजूला नियमित आकडा दिसेल. पण त्यासाठी आधी शोध, मग लिलाव, मग परवानग्या, मग खाण, मग विक्री. भाचा आज छत्तीसचा आहे. त्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत कदाचित.

मला लाभांश माहीत आहे तो शेजारचा. गोंदियाहून बालाघाट तासाभराच्या अंतरावर, आणि बालाघाटला लागून भरवेलीची मँगनीज खाण. तुमसरकडे गेलं की चिखला, डोंगरी बुजुर्ग. या सगळ्या मॉइलच्या, नागपूरच्या सरकारी कंपनीच्या. आज आपण तिला खाण कंपनी म्हणतो, पण तिचं मूळ 1896 च्या 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट'मध्ये आहे. प्रॉस्पेक्टिंग, म्हणजे शोधच! ती मंडळी नशीबवान, कारण इथलं मँगनीज डोंगरांच्या अंगावर उघडं पडलेलं होतं. पुढे विलायतेत नोंदलेली कंपनी झाली, 1962 मध्ये सरकार 51 टक्क्यांनी आत आलं आणि 1977 मध्ये उरलेलेही शेअर सरकारने घेतले.

डिसेंबर 2010 मध्ये मॉइलचा शेअर बाजारात आला. भाव 375 ठरला, आमच्यासारख्या किरकोळ अर्जदारांना पाच टक्के सूट. अर्ज इतके, की मिलमधल्या आम्ही सात जणांनी भरले आणि तिघांना लागले. मला 17 शेअर मिळाले. 2017 मध्ये एकास एक बोनस आला, ते 34 झाले. (आमच्या घरी बोनस म्हटलं की धानाचा, बायकोने विचारलं, "किती क्विंटलवर?") तेव्हापासून शेअरमागे साधारण तीन रुपयांपासून सात-साडेसात रुपयांपर्यंत लाभांश येतो. म्हणजे मला वर्षाला शंभर ते अडीचशे. यावर कुणी श्रीमंत होत नाही, दसऱ्याची जिलेबी होते. पण तो येतो, कारण भरवेलीतून रोज माल वर येतो आणि तो विकत घेणारे पोलादवाले आहेत. शिवाय मालक सरकार आहे, आणि सरकारला स्वतःलाच लाभांशाची घाई असते. नफ्याच्या 30 टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या 4 टक्के, यातला जास्तीचा आकडा द्या, असा अर्थमंत्रालयाचा आपल्या कंपन्यांना दंडकच आहे. मोठ्याच्या ताटात वाढताना माझ्या वाटीत चमचाभर पडतो.

तरी मी मॉइल घ्या म्हणून सांगत नाही. मँगनीजचे भाव पडले की तिचाही नफा पडतो आणि लाभांश त्याच्या मागे. मी एवढंच म्हणतो की लाभांश हवा असेल तर माल विकणाऱ्याकडे मागावा. जो अजून माल शोधतो आहे, त्याच्याकडे मागू नये. धानाचे परे टाकले त्याच आठवड्यात कुणी विळा घेऊन खारीवर जात नाही.

शोध कंपन्यांवर माझा राग नाही. कुणीतरी शंभर ठिकाणी जाऊन नव्याण्णव ठिकाणाहून रिकाम्या हाताने परत यायलाच हवं. त्याशिवाय एकही खाण उघडणार नाही. पण तो जुगार ज्याच्या अंगाला पेलतो त्याने खेळावा. देशाने त्यासाठी 2015 मध्ये राष्ट्रीय खनिज शोध न्यास काढला आहे, खाणवाल्यांच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात ठरलेली रक्कम त्यात जाते. मोठ्या कंपन्या आहेत, परदेशी फंड आहेत. आमगावच्या शिक्षकाचं पतसंस्थेचं कर्ज हे शोधाचं भांडवल नाही. आणि जे मोबाइलवरच्या गटांत बसून "पुढच्या वर्षी लाभांश पक्का" असं लिहितात, त्यांना वहीतलं शून्य माहीत नसतं असं मला वाटत नाही.

भाच्याने त्या दिवशी काही कबूल केलं नाही. पंधरा दिवसांनी फोन आला. 2500 शेअर 27 रुपयांनी विकले, आलेल्या साडेसदुसष्ट हजारांतून कर्जाचा मोठा भाग फेडला. 500 ठेवले आहेत. "राहू द्या मामाजी, लॉटरीचं तिकीट समजून," म्हणाला. हे मला पटलं. लॉटरीच्या तिकिटाला कुणी लाभांश विचारत नाही.

आता एक काम वाचकांनी करावं. गोंदिया, भंडारा, बालाघाट, नागपूरच्या कितीतरी घरांत 2010 साली मॉइलचा अर्ज कुणी ना कुणी भरला होता. नंतर माणूस गेला, पत्ता बदलला, बँका एकमेकींत विलीन झाल्या आणि खात्याचे कोड बदलले. लाभांश सात वर्षं कुणी घेतला नाही तर ती रक्कम गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जाते, आणि सलग सात वर्षं न घेतलेल्या लाभांशाचे शेअरही तिकडेच जातात. ते बुडत नाहीत. आयईपीएफ-5 हा अर्ज भरून परत मागता येतात, वारसांनाही. न घेतलेल्या लाभांशाची यादी कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. वडिलांचं नाव त्यात एकदा शोधून बघा. माझ्या ओट्यावर गेल्या वर्षभरात तिघांची नावं त्यात सापडली.